दोनशे बावन्न नोटा आणि पाचवा माणूस

कराडकडच्या एका तरुण दिग्दर्शकाने दोन अंकी नाटकाची संहिता पाठवली आहे. सोबतचे प्रश्न थोडक्यात असे: तालमीत सगळं सिनेमासारखं होतंय, काय करू? शिव्या ठेवल्या तर घरची माणसं बघायला येणार नाहीत, काढल्या तर गुन्हेगार शाळेच्या गॅदरिंगमधले वाटतात. कोयता-पिस्तूल रंगमंचावर कसं हाताळायचं? आणि 'एवढं निगेटिव्ह कशाला' म्हणणाऱ्या परीक्षकांना काय सांगायचं?

वाचणाऱ्यांसाठी गोष्ट सांगतो. काम सुटलेला ट्रकड्रायव्हर, मोबाईल दुरुस्तीवाला, मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिणारा एक आणि एक गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात गूळ बनवणारा, अशी चार कर्जबुडी माणसं. गावोगावी बचत गटांचे हप्ते गोळा करणाऱ्या फायनान्सच्या पोराला ती आडवाटेला गाठतात, बॅग हिसकावतात, झटापटीत गोळी सुटून पोरगं मरतं. रात्रभर पडक्या गोडाऊनमध्ये भांडणं, मधेमधे नंतरच्या पोलीस कोठडीतले ड्रायव्हरचे प्रवेश. पहाटे सायरन, गोळीबार, पडदा.

मी सांगलीत पस्तीस वर्षं हौशी नाटकं बसवतोय. पोटासाठी जवळपास तेवढीच वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होतो. दुसरी गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या संहितेतला पहिला दोष माझ्यातल्या दिवाणजीला दिसला. बॅगेत किती पैसे होते? संहितेत 'लाखो' हा शब्द सहा वेळा आहे, 'माल' चार वेळा, 'आपला हिस्सा' तर मोजायचा सोडून दिला. आकडा एकदाही नाही. ज्याच्या खिशात पैसे नसतात तो माणूस 'लाखो' म्हणत नाही हो. त्याला रुपयापर्यंत आकडा पाठ असतो. यार्डात हमालाला विचारा, गेल्या आठवड्याचे किती राहिले? तो 'थोडेफार' म्हणणार नाही. 'तीनशे चाळीस' म्हणेल, आणि कुठल्या वारचे तेही सांगेल.

भुरट्या गुन्हेगारांचं नाटक हे हिशोबाचं नाटक असतं, एवढंच मला सांगायचंय. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं. प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी तीन आकडे माहीत पाहिजेत: हातात किती आहेत, किती पाहिजेत आणि कधीपर्यंत. ते कळले की तुमच्या पोरांना ओरडावं लागणार नाही. सध्या ती फार ओरडतात. ५ नोव्हेंबर १८४३ ला आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या काळच्या नाटकांत राक्षस 'अलल्लल डुर्र' करत, राळ उडवत प्रवेश करायचे. तुमचे चौघं अजून तसेच येतात. दार लाथेने उघडतात, एकमेकांची कॉलर धरतात, मग बोलतात. राक्षस होते तेव्हा ते शोभत होतं. आपला मोबाईल दुरुस्तीवाला राक्षस नाही. त्याला भीती वाटतेय की दुकानाचं शटर अर्धंच खाली ओढून आलोय.

आता तुमचं पान अकरा. मोबाईलवाला म्हणतो, "आज हे केलं नाही तर माझी आई मरेल आणि मी आयुष्यभर सडत राहीन!" आईचं आजारपण हे जुनंच हत्यार आहे, पण ठेवायचं असेल तर ठेवा. फक्त असं बघा:

"डिपॉझिट किती म्हनलं?"
"पंधरा."
"तुझ्याकडं?"
"सात हायती."
"म्हंजी आठ."
"आठ."
"कधीपातूर?"
"उद्या बारा वाजता काउंटर बंद व्हतंय."

यात कोणी रडलेलं नाही. पण आठ हजार आणि दुपारचे बारा हे दोन आकडे आता प्रेक्षकाच्या खिशात गेले. पुढचा दीड तास तो ते घेऊन बसणार.

मग बॅग उघडायची. टीप देणाऱ्याने दोन लाख सांगितलेत. निघतात ३८,६०० रुपये. का? कारण आता बरेचजण हप्ता फोनवरून भरतात, आणि ही गोष्ट चौघांपैकी मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला तरी आधी सुचायला हवी होती. इथे इतर तिघांनी त्याच्याकडे नुसतं बघायचं. हशा येईल, येऊ द्या.

मोजणी कशी होते ते मी तुम्हाला कागदावर लिहून देतो, कारण हा प्रवेश तुमच्या नाटकाचा कणा आहे आणि संहितेत तो एका कंसात उरकलाय: '(पैसे मोजतात)'. पाचशेच्या ४१, दोनशेच्या ३२, शंभरच्या ९४, पन्नासच्या ३०, वीसच्या २५, दहाच्या ३०. एकूण नोटा २५२. बँकेतली कोरी गड्डी नाही ही, बायकांच्या कनवटीच्या, डब्यातल्या, घामाने मऊ झालेल्या नोटा आहेत. मोजायच्या आधी त्या उलगडाव्या लागतात, मग एकसारख्या लावाव्या लागतात. एकाने मोठ्या नोटा घ्यायच्या, एकाने लहान. लहान नोटा वाट्याला आलेल्याचा चेहरा आपोआप पडतो, त्याला अभिनय शिकवू नका. तुमचे नट टीव्हीतल्यासारखी बोटं नाचवून मोजत असतील तर त्यांना एखाद्या दुकानाच्या गल्ल्यासमोर अर्धा तास उभं करा. सराईत माणूस मोजताना बोलत नाही, ओठही हलवत नाही. शंभर झाले की फक्त एक नोट आडवी ठेवतो. कच्चा माणूस ओठ हलवतो, आणि कोणी मधेच बोललं की पहिल्यापासून सुरू करतो. चौघांपैकी कोण सराईत आहे? चिठ्ठ्या लिहिणारा. बघा, एका शब्दाशिवाय पात्रं वेगळी झाली.

ही मोजणी पूर्ण तीन मिनिटं चालू द्या. घाबरू नका, कोणी उठून जाणार नाही. पैसे मोजणाऱ्या माणसाकडे न बघता राहता येत नाही, हे मी यार्डात रोज बघितलंय.

मग वजाबाकी. टीप देणाऱ्याचे ५,०००, दोन गाड्यांचं तेल आणि इतर खर्च १,२००. उरले ३२,४००, चौघांत प्रत्येकी ८,१००. मोबाईलवाल्याला आठ हजार पाहिजेत. म्हणजे बसलं गणित, वर शंभर रुपये. तो पहिल्यांदा हसतो. आणि चिठ्ठ्या लिहिणारा सवयीने म्हणतो, एकदा परत मोजू. दुसऱ्या मोजणीला भरतात ३८,१००. पाचशेची एक नोट नाही.

आता वाटा ७,९७५. माणशी १२५ रुपये गेले. मोबाईलवाल्याला पंचवीस रुपये कमी पडतात. तुमचा सगळा दुसरा अंक, कोयता निघण्यापर्यंत, या एका नोटेवर चालेल. संहितेत सध्या भांडण 'तू गद्दार आहेस' या वाक्याने सुरू होतं. गद्दार वगैरे शब्द ज्यांच्याकडे गमवायला काहीतरी मोठं आहे त्यांचे. इथे 'खिसं उलटं कर' एवढंच पुरे.

नोट कोणाकडे गेली? गुळव्याकडे. त्याची बायको त्याच बचत गटात आहे. तुम्ही स्वतःच पान चारवर हे लिहिलंय आणि नंतर विसरलात, याचं मला फार आश्चर्य वाटलं. हप्ता भरायची नोट ती हळदीच्या डब्यात ठेवते, आपल्याकडे कितीतरी घरांत ठेवतात. मोठ्या नोटांच्या ढिगात त्याला ती सापडते. लुटलेल्या पैशात त्याच्याच घरचा हप्ता. या गटांत एकीने भरलं नाही तर बाकीच्यांनी भरायचं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणजे त्याने स्वतःच्या बायकोला लुटलं की शेजारणींना, हे त्यालाही कळत नाही. तो नोट ठेवून घेतो. चोरी म्हणून नाही. ती नोट वाटणीत जाऊन ड्रायव्हरच्या खिशात पडलेली त्याला बघवत नाही.

हे दाखवायचं कसं? पाचशेची नोट राखाडी, तिच्यावरचा पिवळा डाग चौथ्या ओळीपलीकडे दिसणार नाही. पण वास घेणारा माणूस शेवटच्या ओळीतूनही दिसतो. त्याने मोजता मोजता थांबायचं, नोट नाकाशी न्यायची, आणि परत मोजायला लागायचं. एकदाच. निम्म्या प्रेक्षकांचं लक्ष दुसरीकडे असेल. असू दे.

जागा बदला, ही माझी दुसरी विनंती. पडकं गोडाऊन सिनेमातून आलंय. तुम्ही कराडचे, तुमच्या चौघांत एक गुळव्या आहे, आणि तुम्हाला बंद गुऱ्हाळ सुचू नये? हंगाम संपलेलं गुऱ्हाळ म्हणजे आयता रंगमंच. चुलवणाचं काळं तोंड, बाजूला चिपाडाचा ढीग, मधे पालथी घातलेली काहील, रस उकळायची ती भली मोठी कढई. ती काहील म्हणजे तुमचं टेबल. तिच्यावर पैसे मोजा, तिच्यावर कोयता आपटा, चिल्लर पडली की लोखंड वाजेल. खरी काहील आणायच्या फंदात पडू नका, दारातून आत जात नाही. बांबूच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून अर्धीच करा, मागची बाजू कोणाला दिसतेय. आणि गुळव्या त्या जागेचा मालक नसला तरी राजा होता. इथे कधी काळी सगळे त्याचं ऐकायचे, पाक झाला की नाही ते तोच सांगायचा. बाकी तिघं जिथे चाचपडत चालतात तिथे तो अंधारात बरोबर पाय टाकतो. एवढ्या एका गोष्टीने तो संशयातही सापडेल.

आता कायद्याकडे येतो. इथे तुमची संहिता फारच ढिली आहे, आणि सांगली-साताऱ्याच्या थेटरात तिसऱ्या ओळीत हमखास दोन वकील आणि एक निवृत्त हवालदार बसलेला असतो.

तुमचे पोलीस ड्रायव्हरला चार दिवस कोठडीत ठेवून मारतात आणि कोर्टाचा उल्लेखच नाही. अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. पुढे ठेवायचं तर रिमांड मागावा लागतो. फौजदार म्हणतो, "कबूल कर, मग फाशीच देतो." पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पोलिसाला हवी असते रिकव्हरी. आरोपीच्या सांगण्यावरून पंचांसमक्ष माल निघाला, की तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून खरा तपास अधिकारी 'का मारलंस' विचारत नाही, 'कुठं ठेवलंय' विचारतो, आणि तेच विचारत राहतो. यातली भीती आरडाओरड्यात नसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम आता १०३ आहे. पण तुमचा ड्रायव्हर जुनं '३०२' म्हणाला तरी ते बरोबरच, बोलण्यातून तो आकडा जायला अजून एक पिढी लागेल. फौजदाराने मात्र १०३ म्हणावं, आणि ड्रायव्हरला ते कळू नये. 'एकशेतीन म्हंजी काय साहेब?' हा प्रश्न कुठल्याही किंकाळीपेक्षा वाईट आहे.

या सगळ्यात एक आकडा असा आहे की तो तुमच्या हातात असून तुम्ही वापरलेला नाही. चौघांनी मिळून लुटलं तर ती जबरी चोरी. पाच किंवा जास्त असले की तोच गुन्हा दरोडा होतो. नुसता हजर राहून मदत करणाराही त्या पाचात मोजला जातो. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, दरोड्याला जन्मठेपेपर्यंत. आणि दरोड्यात एकाने खून केला तरी पाचही जणांवर तो येतो. शिक्षा फाशी, जन्मठेप किंवा कमीत कमी दहा वर्षं सक्तमजुरी.

तुमच्या पहिल्या अंकात टपरीवरचं एक पोरगं चहा देऊन जातं. चार कप, चार वाक्यं, मग गायब. त्याला परत आणा. चहाचे चाळीस रुपये राहिलेत. ड्रायव्हर म्हणतो, आल्यावर देतो. पोरगं म्हणतं, कालपण असंच म्हणालाव. मग ड्रायव्हर सहज म्हणतो, चल की मग संगं, वळणावर उभा ऱ्हा, लाल गाडी दिसली की शिट्टी मार. पोरगं चाळीस रुपयांसाठी जातं. झाला पाचवा माणूस.

चौघांना रात्री हे कळायला हवं, आणि ते सांगणारा चिठ्ठ्या लिहिणारा असावा, कारण त्याला आत जाऊन यायची सवय आहे. पोरगं चिपाडावर झोपलेलं. त्याच्याकडे बघत तो एक-दोन-तीन-चार करत बोट दाखवतो आणि पाचव्याला बोट थांबतं. पोराचं वय अठराच्या आत असलं तर ते बाल न्याय मंडळापुढे जाईल. पण या चौघांच्या मोजणीतून ते कमी होईल का, यावर ते रात्री तीन वाजता वाद घालतात, आणि चौघांतल्या कोणालाही नक्की माहीत नाही. मला हा प्रवेश लिहायला मिळाला असता तर मी दोन महिने आनंदात काढले असते.

फायनान्सच्या पोराला मारू नका. गाडीवरून पडलं, हालचाल दिसली नाही, हे पळाले. ते जिवंत आहे का हे कोणालाच माहीत नाही, प्रेक्षकालाही नाही. गोळीने मेला की प्रश्न संपतो आणि नाटकही तिथेच बसतं. रात्रभर कोणीतरी फोन लावून बघायचं म्हणतो, आणि कोणीतरी फोन हिसकावून घेतो. असा न लागलेला फोन दोन पिस्तुलांना भारी आहे.

एक गोष्ट मला स्पष्ट सांगावी लागेल. टीप देणारा म्हणून तुम्ही एक 'पारधी' पात्र घातलंय, त्याला नाव पण नाही, नुसतं 'पारधी'. ते काढा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली, पुढे सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी केली. तो कायदा जाऊन १९५२ साली ही माणसं विमुक्त झाली, तरी आजही कुठे चोरी झाली की पहिली झडती त्यांच्याच पालावर होते. आपण रंगमंचावर तेच करायचं का? तुम्हाला तसं म्हणायचं नसेल हे मला मान्य आहे. पण टीप देणारा त्याच फायनान्सच्या ऑफिसातला शिपाई असला तर गोष्ट जास्त खरी होते आणि जास्त जवळची.

शिव्यांचं फार मनाला लावून घेऊ नका. पहिल्या पाच मिनिटांत दहा शिव्या दिल्या की अकरावीला धार राहत नाही, प्रेक्षकाचा कान बधिर होतो. मी माझ्या नटांना एक नियम घालतो: अख्ख्या नाटकात तीन. कुठे, ते तालमीच्या शेवटच्या आठवड्यात ठरवायचं. गुन्हेगारी शिव्यांतून येत नाही, बोलीतून येते. तुमच्या संहितेत चौघंही एकच भाषा बोलतात, तीही मुंबईच्या सिनेमातली. 'सुपारी', 'गेम', 'भाई'. कराडचा गडी 'लका' म्हणेल, सांगलीचा 'लगा'. मिरजेत वाढलेला चिडला की त्याच्या तोंडून दखनी हिंदी येईल. जतकडचा ड्रायव्हर फोनवर घरच्यांशी कानडीत बोलेल आणि बाकी तिघं तो काय बोलतोय म्हणून सावध होतील. या एका फोनसाठी मी तुमचा ड्रायव्हर जतचा करीन. आणि माणसं खरोखर संतापली की आवाज चढत नाही, 'अरे'चं 'अहो' होतं. "अहो साहेब, मोजा की तुम्हीच" असं मित्राने मित्राला म्हटलं की थेटरात शांतता पसरते. करून बघा.

हत्यारं. पिस्तूल काढून टाका. ज्यांना पंचवीस रुपये कमी पडतात त्यांच्याकडे कट्टा आला कुठून, आणि असला तर त्यांनी तोच विकला नसता का? आपल्या भागात ऊसतोडीचा कोयता घरोघरी असतो, तोच राहू दे. पण खरा कोयता तालमीतही नको. आमच्या एका नाटकात, मी तरुण आणि अतिहुशार होतो तेव्हा, 'धार काढून टाकलेला' खरा कोयता वापरला होता. तिसऱ्या प्रयोगात झटापटीत एकाच्या तळहातावर तो घसरला. सहा टाके. प्रेक्षकांनी रक्त बघून टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. तेव्हापासून पातं प्लायवूडचं, वर चांदीचा कागद आणि त्यावर काळपट रंगाचा हात. मूठ मात्र खरी, म्हणजे नटाची पकड खोटी वाटत नाही. आपटायचा आवाज विंगेतला माणूस खऱ्या लोखंडावर काढेल.

पिस्तूल ठेवायचंच म्हणालात तर एक करा, ते पेटीत कुलपात ठेवा आणि एकाच माणसाकडे किल्ली द्या. आमची दोन पोरं तालमीला जाताना खेळण्यातलं पिस्तूल कमरेला लावून गाडीवर निघाली. नाक्यावर अडवली. रात्री साडेदहाला मी संहिता घेऊन पोलीस ठाण्यात उभा, आणि ड्युटीवरचा अंमलदार पान सातवरचा संवाद मोठ्याने वाचतोय. वाचला बरा, आमच्या नटापेक्षा.

थप्पड एकच ठेवा. मारणारा हात गालापासून वीतभर लांबून जातो, आवाज मार खाणाऱ्याने स्वतःच्या तळव्यांनी छातीजवळ काढायचा, म्हणून त्याची पाठ प्रेक्षकांकडे पाहिजे. रोज तालमीच्या सुरुवातीला एकदा हळू, एकदा नेहमीच्या वेगात. ज्या दिवशी दोघांचं खरंच भांडण झालंय त्या दिवशी थप्पड नाही. रक्तासाठी साखरेच्या पाकात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. हिरव्या-निळ्या प्रकाशात हे काळं दिसतं आणि लाल प्रकाशात दिसतच नाही, तेव्हा प्रकाशयोजना करणाऱ्याला आधी विचारा. आणि प्रयोग झाल्या झाल्या कपडे भिजत घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुंग्या पहिल्या ओळीत बसतील.

नोटांची रंगीत झेरॉक्स काढू नका, तो गुन्हा आहे. चोरीच्या नाटकात आणखी एक कशाला. वरखाली थोड्या खऱ्या, मधे कापलेला कागद. साधा झेरॉक्सचा कागद वापरलात तर खसखस असा आवाज येतो. आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो, त्याचा आवाज वेगळा. आम्ही जुन्या जमाखर्चाच्या वह्यांची पानं कापून, ओल्या फडक्यात रात्रभर ठेवून, चुरगाळून वापरली होती. दोनशे बावन्न कापायला एक रविवार जातो, नटांनाच बसवा.

प्रकाशाचं एवढंच, की लाल बल्ब काढा. जुनी चोक-स्टार्टरवाली ट्यूब एकच लावा. ती लागताना दोन-तीन वेळा फडफडते, तेवढ्यात माणसं दिसतात, नाहीशी होतात, परत दिसतात. त्या फडफडीत चौघांच्या जागा बदललेल्या असल्या तर बाकी काही करायला नको.

परीक्षकांना काही सांगू नका. ते निकालपत्रात लिहितील ते वाचा आणि पुढच्या नाटकाला लागा. नाटकाची संहिता तपासून परवानगी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता मात्र लवकर पाठवा, प्रमाणपत्राशिवाय प्रयोग लावता येत नाही आणि शेवटच्या आठवड्यातली धावपळ माणसाला म्हातारं करते.

तालमी सुरू करायच्या आधी एक काम. सगळ्या नटांना घेऊन दुपारी मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा, कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. रिमांडसाठी आणलेला आरोपी आत आल्यावर आधी न्यायाधीशांकडे बघत नाही. तो दाराकडे बघतो, घरचं कोणी आलंय का. मी एकदा बघितलं, आरोपीची आई डबा घेऊन आली होती आणि तिला आत सोडेनात. तिने डबा हवालदाराच्या हातात दिला आणि त्याला सांगितलं, तिखट कमी घातलंय, तुमी पन खावा. तुमच्या ड्रायव्हरच्या कोठडीच्या प्रवेशांत यातलं काहीच नाही, तिथे तो भिंतीवर डोकं आपटतोय.

राहता राहिला शेवट. सायरन आणि गोळीबार दोन्ही नको. गोळीबाराला तुमच्याकडे पैसे नाहीत आणि सायरन मोबाईलवरून वाजवलेला कळतो. पहाटे ट्यूब लागते, पाचही जण भिंतीकडे तोंड करून ओळीने उभे, पाठमोरे. एक हवालदार काहीलीवर कागद ठेवून पंचनामा वाचतो, कंटाळलेल्या आवाजात, कारण त्याची रात्रपाळी संपत आलीय. आधी अंगझडती: एक कंगवा, एक मोबाईल काच फुटलेला, चिठ्ठ्यांचं एक पुस्तक, दवाखान्याची एक पावती. मग मुद्देमाल: रुपये पाचशे दराच्या नोटा चाळीस, दोनशे दराच्या बत्तीस, शंभर दराच्या चौऱ्याण्णव, असं सगळं, शेवटी एकूण रुपये अडतीस हजार शंभर.

गुळव्याने ती नोट कुठे ठेवली ते तुम्ही आणि तो नट मिळून ठरवा, बाकीच्या चौघांना सांगू नका. तालमीतही नाही. आणि बेरीज वाचून झाल्यावर, पडद्याआधी, चहावाल्या पोराला एकच वाक्य द्या, भिंतीकडे तोंड असतानाच: "माझं चाळीस त्यात धरल्यात का?"